कुकरची शिट्टी, गच्चीवरची टाकी आणि इंदूरचा उन्हाळा : उष्णता आणि दाबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात बरीच वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण प्रश्न घरी येतातच. लोकमान्य नगरातल्या शेजारणी, सकाळी फिरायला भेटणारी मंडळी, सुट्टीत आलेली भाचरं, कुणी ना कुणी विचारतं. कुकर शिट्टीच का करत नाही, वरच्या मजल्यावर नळाला जोर का नाही, पावसाळ्यात कूलरने जीव का घाबरतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उत्तरं निराळी दिसली तरी मुळाशी एकच गोष्ट आहे. उष्णता असो, पाणी असो की वाफ, ती हलते फरकामुळे. तापमानात फरक असला की उष्णता वाहते, दाबात फरक असला की पाणी आणि हवा वाहते. साठा किती आहे याने फारसं काही ठरत नाही. घरातलं कुठलंही यंत्र समजून घ्यायचं असेल तर आधी विचारा, फरक कुठे आहे?

इंदुरात पाणी १०० अंशांना उकळतं का?

नाही, साधारण ९८ अंशांना. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. मुंबईकरांच्या डोक्यावर हवेचा जेवढा थर आहे त्यापेक्षा आपल्या डोक्यावरचा थर थोडा पातळ, म्हणून हवेचा दाबही थोडा कमी. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाला गाठतो तेव्हा पाणी उकळतं. बाहेरचा दाबच कमी असेल तर ती बरोबरी लवकर होते. लेहमध्ये, सुमारे ३,५०० मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आपल्याला दोन अंशांचा फरक स्वयंपाकात जाणवत नाही.

गॅस मोठा केला तर बटाटे लवकर उकडतात ना?

पाणी उकळेपर्यंत हो. उकळी फुटल्यावर नाही. खळखळून उकळणारं पाणी आणि मंद आचेवर बुडबुडे सोडणारं पाणी दोन्ही सारखंच गरम असतं. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३०५ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. उकळीनंतर मोठ्या ठेवलेल्या ज्योतीची जास्तीची उष्णता वाफ होऊन खिडकीबाहेर जाते, बटाट्याला त्यातलं काही मिळत नाही. झाकण ठेवा आणि आच बारीक करा.

कुकरची शिट्टी वाजते म्हणजे आत नेमकं काय होतं?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिट्टी म्हणजे एक वजन आहे, दुसरं काही नाही. झाकणावरच्या नळीचं भोक समजा ३ मिलिमीटर व्यासाचं आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस सेंटीमीटर. त्यावर ७० ग्रॅमचं वजन ठेवलं, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला १ किलोने वाढेपर्यंत ते हलत नाही. तेवढा वाढला की वाफ वजनाला उचलते, आवाज होतो, थोडी वाफ निसटते, दाब उतरतो आणि वजन पुन्हा बसतं. घरगुती कुकर साधारण याच दाबावर चालतात. म्हणजे आत बाहेरच्या जवळजवळ दुप्पट दाब असतो आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. वजन मोजतं ते बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. त्यामुळे इंदूरचा कुकर मुंबईच्या कुकरपेक्षा जेमतेम एका अंशाने थंड असतो.

२० अंशांचा फरक ऐकायला लहान वाटतो. पण शिजण्याच्या क्रिया दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने होतात असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने वेग चौपट झाला. तासभर शिजणारी तूर पंधरा-वीस मिनिटांत होते ती यामुळे.

यातून एक सवय बदलण्यासारखी आहे. पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान ठरलं. वजन ते त्यापुढे जाऊच देत नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या आणि बारीक आचेवर तेवढाच वेळ एकही शिट्टी नाही, यात डाळीच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. फरक पडतो तो गॅसच्या बिलात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, शिट्ट्या मोजू नका, पहिल्या शिट्टीनंतरची मिनिटं मोजा. आमच्या आईच्या पिढीला हे पटणं कठीण गेलं, कारण पाककृतीच ‘चार शिट्ट्या’ अशी सांगितली जायची.

ही कल्पना बरीच जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं वाफ कोंडणारं भांडं मांडलं होतं, आणि ते फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यानेच जोडली.

कुकरच्या कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही. काय करावं?

बहुतेक वेळा रबरी रिंग कडक झालेली असते. ती बदला. रिंग चांगली असेल तर झाकणावरची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते पाहा. डाळीचा फेस तिथे वाळून बसतो. भोक बुजलेलं असताना कुकर चढवणं धोक्याचं आहे, कारण मग वाट उरते ती फक्त सेफ्टी व्हॉल्व्हची. त्या व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. आतलं पाणी संपून कुकर जास्त तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. एकदा उडालेला व्हॉल्व्ह पुन्हा ठोकून बसवायचा नाही, नवा आणायचा. आणि डाळ लावताना कुकर निम्म्याहून जास्त भरू नका.

घाईत असताना झाकण जोर लावून उघडलं तर?

कधीही नको. २० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर होतं. आत दर चौरस सेंटीमीटरला १ किलो जास्तीचा दाब असेल तर झाकणावर आतून ३१४ किलोंचा रेटा असतो. चार-पाच माणसांचं वजन. शिवाय आतलं पाणी १२० अंशांवर आहे. दाब एकदम गेला की ते सगळं एकाच वेळी उकळायला लागतं आणि डाळ छतापर्यंत उडते.

उलटंही घडतं. कुकर पूर्ण गार झाला तरी झाकण निघत नाही. आतल्या वाफेचं पाणी झालेलं असतं, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो आणि बाहेरची हवा सगळ्या फटी दाबून धरते. शिट्टी उचला, ‘फुस्स’ करून हवा आत जाईल आणि झाकण सुटेल.

पोहेवाले पोह्याचं पातेलं उकळत्या पाण्यावर का ठेवतात?

इंदूरच्या पोह्यांचा मऊपणा यातच आहे. पातेल्याखाली थेट ज्योत असती तर पोह्याचा खालचा थर दोनशे अंशांपर्यंत तापून करपला असता. मध्ये उकळतं पाणी ठेवलं की पातेल्याला मिळते ती वाफ, आणि खाली पाणी आहे तोवर उघड्या भांड्यातली वाफ ९८ अंशांच्या वर जात नाही. पोहे सकाळी सहापासून अकरापर्यंत गरम राहतात, वाळत नाहीत, करपत नाहीत. वर जिरावण मसाला आणि शेव घालेपर्यंत प्लेटमधून वाफ निघत असते.

वाफ भांड्याला लागून पाणी होते तेव्हा तिच्यात साठलेली ती २,२६० किलोज्यूलवाली उष्णता ती तिथे सोडून देते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट. इडलीपात्र उघडताना झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूने उचला.

दूध स्टीलच्या पातेल्यातच का लागतं?

कारण स्टील उष्णता पसरवण्यात फार मंद आहे. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजण्याचं जे एकक आहे त्यात तांबं सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियम दोनशेच्या वर, ओतीव लोखंड पन्नासच्या आसपास आणि स्टेनलेस स्टील जेमतेम १५. पातळ स्टीलच्या तळाला जिथे ज्योत लागते तिथेच तो तापतो, बाजूला उष्णता पोहोचत नाही, आणि दूध नेमकं त्या गोल कड्यावर लागतं. तांब्याच्या तळाची भांडी किंवा दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम दाबून केलेला जाड तळ, हे दोन्ही उपाय याच दोषावरचे आहेत. स्टीलचा हाच दोष दांड्याला गुण ठरतो. स्टीलचा दांडा बराच वेळ हातात धरता येतो, अ‍ॅल्युमिनियमचा धरता येत नाही.

लोखंडी तव्याची गोष्ट वेगळी. त्याची जाडी आणि वजन कामाला येतं. त्यात उष्णता साठून राहते आणि गार पोळी टाकली तरी तवा एकदम निवत नाही.

माठातलं पाणी गार कसं होतं, आणि पावसाळ्यात का होत नाही?

माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि सुकतं. सुकायला जी उष्णता लागते ती ते माठातल्या पाण्याकडून घेतं. हिशोब करून पाहा. १० लिटर पाणी ३५ अंशांवरून २३ अंशांवर आणायचं तर सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एवढी उष्णता न्यायला साधारण २०० ग्रॅम पाणी सुकलं की पुरे. एक ग्लास पाणी हवेला देऊन माठभर पाणी गार मिळतं! बाहेरून उष्णता आत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त सुकतं, पण प्रमाण हेच. विजेशिवाय चालणारं इतकं सुंदर यंत्र दुसरं नाही असं माझं मत आहे.

पावसाळ्यात हवेत आधीच ओलावा असतो, पाणी सुकतच नाही. फरकच उरत नाही. जुना माठ गार करत नाही त्याचं कारण छिद्रांत साठलेले क्षार. काथ्याने नुसत्या पाण्यात घासा. आणि शोभेसाठी माठाला बाहेरून ऑइल पेंट लावू नका, त्याचं सगळं काम बंद पडतं.

कूलर मे महिन्यात छान, जुलैत नकोसा. असं का?

माठाचंच तत्त्व, फक्त पंखा जोडलेला. हवेतून पाणी सुकवून जास्तीत जास्त किती गारवा मिळेल याची एक हद्द असते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरला तर तो जे तापमान दाखवतो तीच ती हद्द. मेमधल्या दुपारी ४० अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २२-२३ अंश दाखवतो. चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून इथे कूलरचं राज्य आहे, मुंबईत नाही. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा तोच ओला थर्मामीटर २७ दाखवतो. म्हणजे गारवा दोन-तीन अंशांचा, आणि वरून खोलीत दमटपणा. तेव्हा कूलरची पाणी चढवणारी मोटर बंद करून नुसता पंखा चालवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कूलर लावून खिडक्या बंद करणं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला समोरच्या बाजूला वाट हवी. वाट नसेल तर तीच ओली हवा फिरत राहते, अंगावरचा घाम सुकत नाही. एसीला दारं-खिडक्या बंद लागतात, कूलरला उघड्या लागतात. घरात दोन्ही असले की लोक हटकून गोंधळतात.

रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली गार राहते का?

नाही. पंखा हवा गार करत नाही, आपल्या अंगाचा घाम लवकर सुकवतो. अंगच नसेल तर उरते ती मोटरची उष्णता.

रात्री नऊ वाजता छत भट्टीसारखं का असतं?

स्लॅबमधून उष्णता हळूहळू खाली उतरते. दुपारी दोनला वरच्या बाजूने घेतलेली उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. सूर्य मावळतो, बाहेर वारा सुटतो आणि खोलीत छत तापायला लागतं. खालून फॉल्स सीलिंग करून थोडा फरक पडतो, पण खरा उपाय वरून आहे. उष्णता स्लॅबमध्ये शिरूच न देणं. गच्चीला पांढरा चुना किंवा पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी ऊन परत फेकते. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याची जुनी पद्धतही बरोबर आहे, सुकणारं पाणी स्लॅबमधली उष्णता घेऊन जातं.

माळव्याच्या रात्रींचं एवढं कौतुक, ‘शब-ए-मालवा’ असं नावच पडलं, त्यामागेही हेच आहे. उंचावरचं पठार, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. जमीन आपली उष्णता किरणांच्या रूपाने थेट आकाशाकडे टाकते, वर ढगांची गोधडी नसते. गच्चीवर झोपणारे पहाटे चादर ओढतात आणि खाली स्लॅबखाली झोपलेले घामाघूम असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

५०० लिटरऐवजी १,००० लिटरची टाकी बसवली तर शॉवर जोरात येईल का?

नाही. या एका गैरसमजापायी लोकांनी किती पैसे घातले असतील! पाण्याचा दाब टाकीत किती पाणी आहे यावर ठरत नाही, पाण्याची पातळी नळापासून किती उंच आहे यावर ठरतो. दर १० मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरला १ किलो दाब, एवढंच लक्षात ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वरच्या मजल्याच्या शॉवरपासून २ मीटर उंच असेल तर दाब ०.२ किलो. तळमजल्यावर तीच उंची ८ मीटर, दाब ०.८ किलो. म्हणून खाली राहणाऱ्या काकूंची बादली पटकन भरते आणि मालक वरच्या मजल्यावर थेंब थेंब मोजत बसतात.

उपाय तीन. टाकी चौथऱ्यावर चढवा, दीड मीटरनेही चांगला फरक पडतो. पाइप मोठ्या व्यासाचा आणि कमी वळणांचा घाला, कारण निम्म्या व्यासाच्या पाइपातून तेवढंच पाणी न्यायचं म्हटलं तर घर्षणात जाणारा दाब सुमारे तीसपट वाढतो. नाहीतर छोटा बूस्टर पंप लावा. आमच्या एका नातेवाइकांकडे मिस्त्रीने पैसे वाचवायला शेवटच्या टप्प्यात अर्ध्या इंचाचा पाइप टाकला होता. टाकी दोनदा बदलली, जोर काही आला नाही. पाइप बदलल्यावर एका दिवसात आला.

नर्मदा इतक्या खाली आहे, तिचं पाणी इंदुरात चढतं कसं?

पंपांनी ढकलून. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात पोहोचलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे ७० किलोमीटर येतं आणि वाटेत विंध्याचा घाट चढतं, ४०० मीटरहून जास्त. आता वरचा हिशोब लावा. ४०० मीटरला दर चौरस सेंटीमीटरला ४० किलो. एकाच पंपाने हे करायचं म्हटलं तर खालच्या पाइपांवर कुकरच्या चाळीसपट दाब येईल. म्हणून चढ टप्प्याटप्प्याने घेतला जातो. एका ठिकाणचा पंप पुढच्या टप्प्यापर्यंत ढकलतो, तिथून दुसरा. माथ्यावर आलं की पुढचा बराच प्रवास पाणी स्वतःच्या वजनाने, उताराने करतं. बऱ्याच भागांत नळ दिवसाआड येतो आणि ‘आज नर्मदा आली’ म्हणून आपण बादल्या सरसावतो. त्या बादलीत घाट चढून आलेलं पाणी आहे आणि त्यासाठी वीज जळलेली आहे, हे मुलांना मी आवर्जून सांगते.

वर ठेवलेली मोटर खोल बोअरमधून पाणी का ओढत नाही?

कारण पाणी कुणीच ओढत नाही. पंप पाइपातली हवा काढतो, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते पाइपात वर ढकलते. हवेचा जोर जेवढा, तेवढंच पाणी चढणार. समुद्रसपाटीला १०.३ मीटर, इंदुरात साधारण ९.७, आणि सांध्यांतली गळती, घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर. मोटर कितीही हॉर्सपॉवरची घ्या, ही हद्द हलत नाही. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी करून हेच दाखवलं, तिथे हवेने तोललेला पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला. माळव्याच्या काळ्या खडकातले बोअर शेकडो फूट खोल जातात, म्हणून पंपच खाली पाण्यात सोडावा लागतो. खालून ढकलायला अशी हद्द नाही.

गीझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. बंद करून टाकू का?

अजिबात नाही. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं की ते सुमारे दीड टक्का फुगतं. २५ लिटरच्या गीझरमध्ये म्हणजे जवळजवळ ४०० मिलिलिटर जास्तीचं पाणी. त्याला जायला जागा मिळाली नाही तर टाकीतला दाब भराभर वाढतो, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही ना. तो व्हॉल्व्ह थेंब सोडून टाकीला वाचवतो. मात्र गीझर बंद असतानाही सतत धार लागली असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा वरून येणारा दाबच जास्त आहे, मग प्लंबरला बोलवा.

वेळेचंही बरेचजण विचारतात. २,००० वॅटचा गीझर २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटं घेतो. गरम पाणी हलकं असतं, ते टाकीत वर राहतं. म्हणून गरम पाण्याची नळी वरच्या भागातून घेतात आणि गार पाणी तळाशी सोडतात.

गच्चीवरच्या सोलरमध्येही हेच चालतं. काचेच्या नळ्यांत तापलेलं पाणी आपोआप वर टाकीत चढतं, गार खाली उतरतं, पंप लागत नाही. अट एकच, टाकी नळ्यांच्या वर हवी. त्या नळ्या दुहेरी काचेच्या असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते, थर्मासच्या बाटलीसारखी. ऊन किरणांनी आत येतं, पण उष्णतेला बाहेर न्यायला मध्ये हवाच नसते.

सिलिंडर अर्धा झाला की ज्योत मंद होते का?

होत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, वर त्याची वाफ. वाफेचा दाब द्रवाच्या तापमानावर ठरतो, किती द्रव उरलाय त्यावर नाही. शेवटचा थोडा द्रव उरेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, म्हणूनच सिलिंडर कधी संपणार ते ज्योतीवरून कळत नाही. आत दर चौरस सेंटीमीटरला काही किलो दाब असतो आणि रेग्युलेटर तो अवघ्या ३० ग्रॅमवर आणतो. म्हणून रेग्युलेटरशी खेळू नये.

थंडीत मात्र द्रव गार पडतो, वाफ कमी होते आणि संपत आलेल्या सिलिंडरची ज्योत खरंच मंदावते. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं ही दोन्ही धोक्याची कामं आहेत, कृपा करून करू नका. किती उरलंय ते बघायचं असेल तर ओल्या फडक्याने वरून खालपर्यंत पुसा. द्रव आहे तिथली ओल उशिरा वाळते, कारण द्रवाला तापायला जास्त उष्णता लागते. आणि हा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साठतो. वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या.

फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर स्वयंपाकघर गार होईल?

उलट तापेल. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याच्या कडा गरम लागतात त्या यामुळे. दार उघडं असेल तर तो खोलीतली उष्णता खोलीतच टाकतो, वर मोटरची भर. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, उष्णतेला वाट लागते.

गाडीत हवा कधी भरावी?

सकाळी, टायर गार असताना. ३२ चा दाब ठेवलेला टायर १० अंशांनी तापला की दाब दीडेकने वाढतो. भर दुपारी बायपासवरून आल्यावर मोजला तर जास्त दिसेल. तो बघून हवा काढू नका, रात्री टायर बसलेले सापडतील.

मुलांना घरी काय करून दाखवता येईल?

प्लास्टिकच्या बाटलीला एकाच रेषेत तीन भोकं पाडा, वर, मधे, खाली. पाणी भरा, झाकण काढून बाटली जमिनीवर ठेवा. बऱ्याच चित्रांत सगळ्यात खालची धार सर्वात लांब जाताना दाखवतात. प्रत्यक्षात मधली लांब जाते. खालच्या धारेला वेग सर्वात जास्त असतो, पण जमीन इतकी जवळ असते की पडेपर्यंत तिला वेळच मिळत नाही. बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवा, मग खालची धार खरोखर सगळ्यांच्या पुढे जाते.

मग मुलांना खाली अंगणात, धारांपासून बाजूला उभं करा आणि वाहती बाटली सरळ हातातून सोडा. पडत असताना तिन्ही धारा थांबतात. पाण्याचा दाब येतो तो वरच्या पाण्याच्या वजनाने. बाटली आणि पाणी बरोबरच पडत असताना कुणाचंच ओझं कुणावर नसतं. मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढला तर ते अगदी स्वच्छ दिसतं, आणि मुलं हटकून म्हणतात, पुन्हा करा.